दारातल्या माश्या

मधमाशीचं आतडं बाहेर काढायला फार कौशल्य लागत नाही. चिमट्याने नांगीकडचं टोक धरायचं आणि हलक्या हाताने ओढायचं, की उसवलेल्या शिवणीतला दोरा यावा तसं सगळं सरळ बाहेर येतं. निरोगी माशीचं आतडं फिकट तपकिरी असतं आणि त्यावर बारीक वळ्या दिसतात. पोटात नोसेमा नावाच्या परजीवीने घर केलेलं असेल तर तेच आतडं पांढरं, फुगीर होतं आणि वळ्या पुसल्या जातात. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर हे बघत फिरणं ही माझी नोकरी होती. पंचविशीही गाठली नव्हती आणि आपल्याला सगळं कळतं असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं.

त्या नोकरीतलं बरंच काही मी विसरले. चंदगड तालुक्यातल्या एका वाडीवर नऊ मधपेट्या पाळणारी मावशी मात्र विसरता येत नाही. ती आता नाही. कोल्हापूरच्या स्टँडवर चंदगडची पाटी लावलेली एसटी दिसली की अजूनही वाटतं, चढावं, खिडकीची जागा धरावी आणि फाट्यावर उतरून तिच्या अंगणात जाऊन बसावं. मग लक्षात येतं की तिथे आता आपल्याला ‘बस की’ म्हणणारं कुणी नाही, आणि मी वारणानगरची, घराकडची गाडी कुठे लागलीय ते बघायला लागते.

नोकरी मिळाली ती एका छोट्या प्रकल्पावर. त्याच्या थोडं आधी आपल्याकडच्या सातेरी माश्यांवर अळ्यांचा एक रोग येऊन गेला होता आणि डोंगरी तालुक्यांतल्या पेट्याच्या पेट्या ओस पडल्या होत्या. ज्या वसाहती तगल्या होत्या त्यांच्या पोटात आणखी काही शिजतंय का, हे दर महिन्याला तपासायचं असं ठरलं. आमचे सर, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी एम.एस्सी. केलं तेच, या कामाचे प्रमुख होते. पद्धत त्यांनी मला स्वतः शिकवली. पेटीचं दार मिनिटभर पानाने बंद करायचं. बाहेरून परत येणाऱ्या माश्या दारापुढच्या फळीवर गोळा होतात. त्यातल्या तीस धरायच्या, स्पिरिटच्या बाटलीत टाकायच्या. प्रयोगशाळेत त्यांची पोटं पाण्यात वाटायची आणि तो थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून परजीवीचे बीजाणू मोजायचे.

‘दारातल्याच घ्यायच्या,’ सर बजावून सांगत. ‘आतल्या माश्या कोवळ्या असतात. त्यांच्या पोटात काही सापडत नाही. रोग असतो तो बाहेर जाऊन आलेल्या वयस्कर माशीत.’

मी मान हलवली. वहीत लिहून घेतलं. त्याखाली दोन रेघाही मारल्या.

आता माझ्या घराबद्दल सांगायला हवं. आम्ही जैन. आमच्या घरात पाणी गाळल्याशिवाय कुणी प्यायचं नाही, दिवस मावळल्यावर कुणी जेवायचं नाही आणि मधाचा थेंब उंबऱ्याच्या आत यायचा नाही. पोळं पिळताना किती जीव जातात हे आईने मला शाळेत जायच्या आधी सांगून ठेवलं होतं. अशा घरातली मुलगी मधमाश्यांच्या नोकरीला लागली तेव्हा आईला मी सांगितलं की मी त्यांचे रोग तपासते. ते खरंच होतं. तपासण्यासाठी आधी मारावं लागतं, एवढा तपशील गाळला. आई बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला येणाऱ्या बायकांना कौतुकाने सांगायची, आमची पोरगी मुक्या जिवांची डॉक्टर झालीय. मी शेजारीच उभी असायचे आणि चपला शोधायचं नाटक करायचे.

मावशीकडे मी पहिल्यांदा गेले ती मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी. पुढे दर महिन्याचा पहिला मंगळवार तिचाच ठरला. फाट्यावर उतरून अर्धा तास चालायचं, मग काजूच्या झाडांच्या आड चार घरं, त्यातलं शेवटचं तिचं. वय पन्नाशीच्या आसपास, नेसण काष्ट्याची, आवाज असा की पलीकडच्या शेतात माणूस थबकावा. माहेर कागलकडचं असल्यामुळे इतकी वर्षं चंदगडात काढूनही तिची बोली तिकडचीच राहिली होती. पेट्या सरकारी योजनेत तिच्या नवऱ्याला मिळाल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात त्याचे दोन्ही डोळे सुजून बंद झाले आणि त्याने पेट्यांवर पाणी सोडलं. मग तिने त्या आपल्याकडे घेतल्या. नवरा वारला, मुलगा गोव्याला कामाला गेला, पेट्या राहिल्या.

गेल्या गेल्या तिने माझ्यापुढे वाटीभर मध ठेवला. मी म्हणाले, आम्ही खात नाही. तिचा चेहरा पडला. मी कारण सांगितलं.

‘म्हंजी मध खाल्ला तर पाप, आनि माश्या बाटलीत बुडवून मारल्या तर पगार,’ ती म्हणाली. ‘बरं हाय की तुमचं.’

मला राग आला, कारण ते खरं होतं. ती मात्र हसत आत गेली आणि वाटी उचलून कोरा चहा घेऊन आली. त्या दिवसापासून ती माझ्यासाठी लसूण न घातलेली आमटी आणि तांदळाची भाकरी करायची, आणि पाचच्या आत ताट वाढायची. ‘दिस मावळायच्या आत गिळ,’ म्हणायची, ‘न्हाय तर एसटीत उपाशी बसशील आनि तुजी आई मला शिव्या घालंल.’ माझ्या आईला ती कधी भेटली नाही. पण दोघी एकमेकींना ओळखतात असंच मला वाटायचं.

पेट्यांशी वागायची तिची एक रीत होती. सकाळी उठली की ती प्रत्येक पेटीवर बोटाच्या पेराने एकदा टकटक करायची आणि कान लावायची. आतून गुंजारव उठायचा आणि लगेच विरायचा. तो किती वेळ टिकतो, भरीव आहे की पातळ, यावरून तिला वसाहतीची तब्येत कळायची. मी हे सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, नोंद करून ठेव. मी केली नाही. तुमचं कान लावणं आणि आमचं बीजाणू मोजणं एका वहीत बसत नाही, असा माझा तेव्हाचा तोरा होता.

आणि माश्या धरायची वेळ आली की माझा हात आखडायचा.

पहिल्या दोनतीन महिन्यांत मी सरांनी सांगितलं तसंच केलं. फळीवर माश्या उतरायच्या, मागच्या पायांवर परागाच्या पिवळ्या गोळ्या, धापा टाकत असल्यासारखं पोट वरखाली. दार बंद बघून त्या इकडेतिकडे फिरायच्या, पण ओझं टाकायच्या नाहीत. मी बाटलीचं तोंड पुढे करायचे आणि एकेक आत ढकलायचे. स्पिरिटमध्ये पडली की पायावरची गोळी सुटायची आणि बाटलीच्या तळाशी जाऊन बसायची. परतीच्या गाडीत ती बाटली मांडीवर असायची. दिवसभर शेतावर राबून घरी आलेल्या बाईला तिच्याच उंबऱ्यात धरून नेल्यासारखं वाटायचं. आईने पेरलेलं ते सगळं एव्हाना चांगलंच उगवलं होतं.

मग एका महिन्यात मी मावशीला म्हणाले, पेटी उघडा, आतूनच घेते. तिने झाकण काढलं, पोळं बांधलेली एक चौकट उचलून दिली. चौकटीवर माश्यांचा थर असतो, एकमेकींवर चढलेला. मी बाटली त्यांच्याखाली धरली आणि चौकटीला हलका झटका दिला. तीसएक पडल्या. कोण कुठून आलेली, कुणाच्या पायाला काय, काही बघावं लागलं नाही. गर्दीतून घेतलं की हात आखडत नाही, हे मला त्या दिवशी कळलं आणि ते मला फार सोयीचं वाटलं.

वहीत एक रकाना होता, ‘माश्या कुठून घेतल्या’. त्यात मी लिहिलं, दारातून.

पुढचे सगळे महिने तसंच केलं. चंदगडचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. जूनपासून पुढे पेट्यांवर प्लास्टिक, प्लास्टिकवर दगड, पेटीच्या पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या, आणि माश्या आठवडेच्या आठवडे आत कोंडलेल्या. नोसेमा पसरायला याहून चांगली वेळ नाही, हे मला पाठ होतं. मंगळवारी जराशी उघडीप मिळाली की मी ती गाठायचे, पेटी उघडायला लावायचे, चौकट झटकायचे. प्रयोगशाळेत थेंब ठेवायचे आणि बघायचे. स्वच्छ. जुलै स्वच्छ, ऑगस्ट स्वच्छ. सर खूश होते. इतक्या पावसाच्या भागात इतक्या निरोगी वसाहती कशा, यावर लिहिता येईल म्हणाले. मीही खूश होते. कुठेतरी खोल मला शंका यायला हवी होती, पण खुशीत असलेल्या माणसाला शंका येत नाही, आली तरी तो तिला चहा विचारत नाही.

ऑगस्टमध्येच मावशी म्हणाली होती, ‘पोरी, चार-दोन माश्या भुईवर चालत्यात बघ. उडंनात.’

मी बघितलं. होत्या. पंख फाकलेल्या, गवताच्या काडीवर चढत आणि पडत.

‘पावसात होतं असं,’ मी म्हणाले.

‘फळीवर डागबी पडल्यात. आनि त्या कडंच्या तीन पेट्यांचा आवाज पातळ झालाय. मी म्हनते सगळ्या उचलून खळ्यावर उनात न्याव्या, जुनी पोळी काढून टाकावी.’

‘मावशी, मी तपासलंय,’ मी म्हणाले. तो आवाज मला अजून ऐकू येतो, शाळेतल्या बाईंसारखा. ‘पोटात काही नाही. पेट्या उगाच हलवल्या तर राणी बिथरेल. आहे तिथेच राहू द्या.’

तिने माझ्याकडे पाहिलं, मग पेट्यांकडे पाहिलं. ‘तू तपासलंयस म्हंजी झालंच,’ ती म्हणाली आणि पेट्या आहेत तिथेच राहिल्या. तिने तिच्या कानावर ठेवलेला भरवसा उचलून माझ्या बाटलीवर ठेवला, आणि मी तो घेतला.

सप्टेंबरात घाट बंद होता, जाता आलं नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी गेले तेव्हा नऊपैकी दोन पेट्यांत माश्या होत्या. बाकीच्या सात पेट्यांत मूठभर मेलेल्या, त्यातल्या एकीत राणी तेवढी चार दासींसोबत जिवंत, तीही फार तर संध्याकाळपर्यंत. फळ्यांवर हगवणीचे तपकिरी ओघळ सुकलेले. मावशी अंगणात बसली होती आणि रिकाम्या चौकटी उन्हाला लावत होती. ती रडत नव्हती. तिने मला शिवीही दिली नाही. ‘बघ बाई काय झालंय त्यास्नी,’ एवढंच म्हणाली.

उरलेल्या दोन पेट्यांपैकी एकीच्या दारात मी बसले. पान लावून दार बंद केलं. चारपाच माश्या आल्या, एकीच्या पायाला पराग होता. तिलाच धरलं. चिमट्याने ओढलं. आतडं पांढरंफटक आलं. दुसरी, तिसरी, सगळ्या तशाच. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी मी पुन्हा दारातून पुऱ्या तीस माश्या नेल्या. प्रयोगशाळेत थेंब ठेवून डोळा लावला, तर तांदळाच्या कण्या सांडाव्यात तसे बीजाणू, मोजायला रिकामी जागाच नाही.

सरांनी विचारलं, दोन महिन्यांत इतकं कसं झालं? मी म्हणाले, पाऊस फार झाला. माझ्या आयुष्यात मी थोड्याफार थापा मारल्या असतील, पण परत घ्यावीशी वाटते अशी ही एकच.

सरांनी औषध मागवून दिलं. साखरेच्या पाकात मिसळून पाजायचं होतं. ते घेऊन मी एकदा मावशीकडे गेले, किती द्यायचं ते तिला समजावलं आणि म्हणाले, दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारच्या आधी फळी ओल्या फडक्याने पुसून ठेवत जा, म्हणजे नवे डाग कळतील. ती व्हय म्हणाली. जेवायला थांब म्हणाली. मी थांबले नाही, गाडी लवकर आहे म्हणाले. गाडी लवकर नव्हती. फाट्यावर दोन तास बसून होते.

पुढच्या महिन्याच्या फेऱ्या ठरवताना सर म्हणाले, ‘आता तिथे दोनच पेट्या राहिल्यात. दोन पेट्यांसाठी इतकं लांब जायचं का? तू सांग.’

मी म्हणाले, ‘नको.’

एक शब्द. त्याच्या बदल्यात मला गगनबावड्याचा रस्ता मिळाला. तिकडच्या प्रत्येक पेटीच्या दारात मी पान लावून बसले आणि परागाची गोळी असलेलीच माशी आधी धरली. प्रकल्प संपला. मला वारणानगरला ज्युनिअर कॉलेजात नोकरी लागली, कॉलनीत खोली मिळाली, पोरांना बेडकाचं हृदय आणि झुरळाची पचनसंस्था दाखवण्यात वर्षं गेली. आई गेली ती मी मुक्या जिवांची डॉक्टर होते याच समजुतीत. तिला सांगायचं राहिलं याची खंत वाटते, पण तिच्यापुरतं ते बरंच झालं. मावशीचं तसं नव्हतं. भाकरीचा वास आला, कुणी मोठ्याने बोललं, कागलकडच्या एखाद्या पालकाने ‘पोरगी हुशार हाय न्हवं?’ विचारलं, की ती आठवायची आणि मला तिच्याकडे इतकं जावंसं वाटायचं की मी उलट जास्तच कामाला लागायचे. एक पत्र लिहिलं होतं. ती वाचणार कुणाकडून, या विचाराने ते पाठवलं नाही.

दोन हजारनंतरच्या एका फेब्रुवारीत बारावीच्या प्रात्यक्षिकांना बाहेरची परीक्षक म्हणून माझी नेमणूक झाली. केंद्र चंदगडचं होतं. दुसऱ्या दिवशी काम दुपारीच संपलं. मी वडापच्या, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खाजगी जीपमध्ये बसले आणि फाट्यावर उतरले. अर्धा तास चालताना काय बोलायचं ते मनात दहादा घोकलं.

काजूला मोहोर होता. अंगणात पेटी एकही नव्हती. मावशी ओट्यावर पाय पसरून बसली होती, बारीक झाली होती, एक डोळा पांढुरका. मी ओळख सांगायला तोंड उघडलं तर म्हणाली, ‘चालन्यावरनं कळलं. बस की.’

मी बसले आणि सगळं सांगून टाकलं. दारातल्या माश्या धरवत नव्हत्या, म्हणून चौकटीवरच्या घेत होते. त्या कोवळ्या असतात, त्यांच्या पोटात रोग दिसत नाही. वहीत खोटं लिहिलं. तुम्ही पेट्या उन्हात न्यायचं म्हणत होता ते बरोबर होतं, मी नको म्हणाले. तुमच्या सात पेट्या माझ्यामुळे गेल्या.

ती ऐकत होती. मध्येच एका कोंबडीला तिने हुसकलं.

‘दारातल्या धरत न्हाईस ते मी तवाच बघितलंवतं,’ ती म्हणाली. ‘तू आदी धरायचीस, मग सोडलंस. मी म्हटलं, हिच्या पोटात दया हाय. दया असल्यालं मानूस खोटं कशाला सांगंल? म्हनून तर तुजं ऐकलं.’

मला वाटलं, याहून वाईट ती काही बोलू शकणार नाही. मी डोळे पुसले.

‘सात गेल्या त्या गेल्या,’ ती म्हणाली. ‘मर्जी त्याची. पन दोन ऱ्हायल्यावत्या की. त्या औशदानं बऱ्या झाल्या. तू का आली न्हाईस?’

‘तोंड दाखवायची लाज वाटत होती, मावशी.’

‘तुज्या तोंडाचं मला काय करायचं हुतं? माश्या बघायच्या हुत्या.’ आवाज पूर्वीइतकाच मोठा होता, पण त्यात राग नव्हता. ‘तीन पावसाळं जगल्या त्या. दर म्हैन्याच्या मंगळवारी फळी पुसून ठिवायची मी. म्हटलं, येईल पोरगी, बघंल, सांगंल काय ते. एक गेली. मग दुसरीचा आवाज पातळ झाला तवा मीच पान लावून दारात बसले. भरून आलेल्या धरल्या, सोताच्या हातानं. तीस काय घावल्या न्हाईत, अकरा घावल्या. बाटलीत घालून घरातल्या फळीवर ठिवल्या. आलीस तर तुला तपासाय लागतील म्हनून.’

मी विचारलं, ती बाटली आहे का अजून.

‘किती वर्सं ठिवायची? वाळून भुगा झाला त्यांचा,’ ती म्हणाली. ‘काजूच्या बुडात वतल्या.’ आणि गुडघ्यावर हात टेकून ती चहाला आधण ठेवायला उठली.